लेगोची चालती थार: पहिलं मोटरवालं मॉडेल स्वतः कसं रचावं

डब्यातल्या पुस्तिकेप्रमाणे गाडी जोडणं वेगळं आणि रस्त्यावर पाहिलेली गाडी स्वतः ठोकळ्यांत उतरवून मोटरवर पळवणं वेगळं. पुस्तिकेतलं प्रत्येक पान कुणीतरी आधी तपासलेलं असतं. स्वतः रचताना गिअर अडकला तर का अडकला हे आपल्यालाच शोधावं लागतं. नवखी मंडळी बहुतेक वेळा जाळी, दिवे आणि बॉनेटपासून सुरुवात करतात. गाडी दिसायला लागते आणि मग कळतं की मोटरला जागाच उरलेली नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: टायर, वजन, मोटर, गिअर, ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा भाग), चॅसिस (गाडीचा सांगाडा) आणि सगळ्यात शेवटी बॉडी.

उदाहरणाला महिंद्रा थार घेतली आहे, २०२० साली आलेली दुसऱ्या पिढीची तीन दारांची. ती आपल्या नाशिकला बनते, तिचा चौकोनी आकार ठोकळ्यांना मानवतो, आणि शिकायला तिच्यात भरपूर आहे. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे एकसंध ॲक्सल असल्यामुळे दोन्ही प्रकार एकाच मॉडेलमध्ये हाताखालून जातात. तुम्हाला ट्रॅक्टर किंवा एसटीची बस करायची असेल तरी पायऱ्या याच.

१. काय काय जमवायचं

- टेक्निकचे, म्हणजे लेगोच्या यांत्रिक मालिकेतले भाग: भोकांचे बीम, पिना, अधिक चिन्हाच्या आकाराच्या दांड्या, बुश (दांडी सरकू नये म्हणून तिच्यावर बसणारी छोटी कडी), आणि ५×७ व ५×११ च्या आयताकृती चौकटी.
- गिअर: ८, १२, १६, २०, २४ दातांचे प्रत्येकी काही, आणि एक डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच).
- एक युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारा दांडीचा सांधा) आणि चार शॉक (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा).
- दोन मोटरी (एक चालवायला, एक वळवायला), बॅटरीचा डबा किंवा हब (सेल आणि ब्लूटूथ एकत्र असलेला डबा).
- मिलिमीटरची पट्टी, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, ब्रिक सेपरेटर (ठोकळे सुटे करायचं अवजार), वही, पेन्सिल.
- रिचार्ज होणारे पेन्सिल सेल आणि चार्जर.

हे सगळं सुटं घेण्याआधी मोटरी असलेला एखादा तयार संच बघा. मोटर, हब, टायर आणि शॉक वेगवेगळे घेतले तर बेरीज बरेचदा संचाच्या किमतीच्या वर जाते. उदाहरणार्थ, २०१९ साली आलेल्या ४२०९९ क्रमांकाच्या ऑफ-रोडर संचात दोन एक्सएल (जास्त ताकदीच्या) मोटरी, एक एल (त्याहून कमी ताकदीची) मोटर आणि ब्लूटूथ हब होता. असा जुना संच चांगल्या अवस्थेत कुणी विकत असेल तर तो पहिल्या मॉडेलची जवळजवळ सगळी गरज भागवतो. विकत घेताना प्रत्येक मोटर हबला लावून दोन्ही दिशांना फिरवून बघा आणि सेलच्या खणातल्या पट्ट्यांवर गंज नाही ना ते पाहा. दमट हवेत सेल आत तसेच ठेवले की ते गळतात, आणि गळलेला हब दुरुस्त होणं अवघड असतं.

२. टायर ठरवा, प्रमाण आपोआप ठरेल

बीम हव्या त्या लांबीचा मिळतो, टायर मात्र ठरावीक मापांचेच येतात. म्हणून सगळं गणित टायरपासून सुरू करायचं. लेगोच्या टायरच्या कडेवर माप कोरलेलं असतं. आपण ६८.८×३६ लिहिलेला टायर घेऊ, म्हणजे व्यास ६८.८ मिमी आणि रुंदी ३६ मिमी.

आता खरी गाडी. थारला २५५/६५ आर १८ मापाचे टायर येतात. यातला २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १८ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. रिम ४५७ मिमी, दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून ३३१.५ मिमी, एकूण व्यास सुमारे ७८९ मिमी. त्याला ६८.८ ने भागलं की ११.४६ येतात. म्हणजे आपलं मॉडेल साधारण १:११.५ प्रमाणाचं.

लेगोचं एक घर, म्हणजे एक स्टड, ८ मिमीचं असतं. आता प्रत्येक माप ११.४६ ने भागायचं आणि मग ८ ने:

- पुढच्या व मागच्या चाकांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४५० मिमी: मॉडेलमध्ये २१४ मिमी, म्हणजे २७ स्टडच्या किंचित आत.
- लांबी ३९८५ मिमी: ३४८ मिमी, म्हणजे साडेत्रेचाळीस स्टड.
- रुंदी १८२० मिमी: १५९ मिमी, म्हणजे जवळजवळ २० स्टड.
- गाडीच्या पोटाची जमिनीपासून उंची २२६ मिमी: सुमारे २० मिमी, म्हणजे अडीच स्टड.

रुंदीशी जरा थांबा. मधोमध एक फिरती दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना सारखी रचना असेल तर एकूण रुंदी विषम आकड्याची येते. तेव्हा २० सोडून १९ किंवा २१ घ्यावे लागतात. मी इथे २१ घेतो. कारण साधं आहे: खऱ्या टायरची रुंदी या प्रमाणात २२ मिमी व्हायला हवी आणि आपला टायर ३६ मिमीचा आहे. रुंद टायर अरुंद बॉडीखाली ठेवले तर गाडी बेढब दिसते. प्रमाण तंतोतंत पाळण्याच्या नादात डोळ्याला खटकणारी गाडी करू नका. व्हीलबेस आणि चाकाचा व्यास ही दोन मापं सांभाळली की गाडी ओळखू येते, बाकीच्यात एखादा स्टड इकडेतिकडे चालतो.

गाडीचं बाजूचं चित्र या मापात कागदावर छापून घ्या आणि टेबलावर चिकटवा. पुढे प्रत्येक वेळी चॅसिस त्यावर ठेवून बघता येते.

३. गाडीने काय करायचं ते लिहून काढा

पहिल्या मॉडेलला तीनच कामं द्या: मागची चाकं चालवणं, पुढची वळवणं, चारही चाकांना सस्पेन्शन. दिवे, उघडणारी दारं, विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), दोन गतींचा गिअरबॉक्स हे सगळं वहीच्या वेगळ्या पानावर लिहून ठेवा. थार खरी फोर-व्हील ड्राइव्ह आहे हे मान्य, पण वळणाऱ्या आणि स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या पुढच्या चाकांना ताकद पोचवणं हा या छंदातला अवघड भाग आहे. तो दुसऱ्या फेरीला.

४. मोटर आणि वीज

लेगोच्या मोटरींच्या दोन पिढ्या आज हाताशी येतात. २००७ साली आलेली पॉवर फंक्शन्स आता बंद झाली आहे, पण जुन्या बाजारात आणि तिच्याशी जुळणाऱ्या इतर बनावटींत भरपूर दिसते. त्यानंतरची पॉवर्ड अप ब्लूटूथवर चालते. दोन्हींचे प्लग वेगळे आहेत, एक दुसऱ्यात बसत नाही. जुनी मोटर आणि नवा हब अशी स्वस्तातली जोडी घेऊन बसू नका.

पॉवर फंक्शन्सचा मूळ रिमोट इन्फ्रारेड किरणांवर चालतो. खोलीत तो छान काम करतो, उन्हात मात्र सूर्यप्रकाशामुळे त्याचे संकेत रिसीव्हरला नीट ओळखता येत नाहीत आणि गाडी ऐकेनाशी होते. अंगणात, मैदानात चालवायची असेल तर ब्लूटूथ हवंच. जुन्या मोटरी असतील तर हंगेरीचा एसब्रिक किंवा स्लोव्हेनियाचा बुविझ असे ब्लूटूथ डबे मिळतात. बुविझमध्ये बॅटरीही आतच असते आणि तो जास्त व्होल्टेज देऊ शकतो. ती ताकद पहिल्या मॉडेलवर सोडू नका, दांड्या पिळल्या जातात.

पॉवर्ड अपच्या टेक्निक हबला चार मोटरी लागतात आणि आत सहा पेन्सिल सेल बसतात. साधे अल्कलाइन सेल प्रत्येकी दीड व्होल्टचे, एकूण ९ व्होल्ट. रिचार्ज होणारे १.२ व्होल्टचे, एकूण ७.२. म्हणजे रिचार्ज सेलवर गाडी साधारण पाचव्या हिश्श्याने हळू पळते. तरीही मी रिचार्जच सुचवेन, कारण चाचण्यांत सेल फार संपतात. फक्त वेगाचा हिशेब ७.२ व्होल्टवर धरा.

आता किती ताकदीची मोटर हवी ते काढू. मोटर, सेल आणि बॉडीसकट अशी गाडी दीड किलोपर्यंत जाते असं धरा. आपल्याला ती २० अंशांच्या चढावर चढवायची आहे. त्या चढावर गाडीला मागे खेचणारं बळ तिच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश असतं. दीड किलोचं वजन सुमारे १४.७ न्यूटन, म्हणजे चाकाला जमिनीवर ५ न्यूटन लावावे लागतील. चाकाची त्रिज्या ३.४४ सेंमी. गुणाकार केला की चाकापाशी १७ न्यूटन-सेंमी टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, हवा.

डिफरन्शियलला २८ दात आणि त्याला फिरवणाऱ्या गिअरला १२ असले तर तिथेच २.३३ पट ताकद वाढते. म्हणजे मोटरकडून साडेसात न्यूटन-सेंमी. घर्षणात एक तृतीयांश जातं असं धरलं की ११.

पॉवर फंक्शन्सच्या मोटरी ९ व्होल्टवर पूर्ण अडवल्या तर एम सुमारे ११, एल सुमारे १८ आणि एक्सएल सुमारे ४० न्यूटन-सेंमी टॉर्क देते. एम मोटर या चढावर जागेवर थांबेल. एल चढेल, पण निम्म्याहून जास्त ताकद लावत, तापत. एक्सएल सहज चढेल. माझा नियम असा: लागणारा टॉर्क मोटरच्या कमाल टॉर्कच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहिला पाहिजे. निम्म्याच्या वर गेला की गिअर बदला किंवा मोटर बदला.

वेगही बघून घ्या. ही एक्सएल मोकळी मिनिटाला साधारण २२० फेरे घेते. २.३३ ने भागलं की चाकाचे ९४ फेरे. चाकाचा परीघ २१६ मिमी, म्हणजे मिनिटाला वीस मीटर. ओझ्याखाली आणि रिचार्ज सेलवर पंधराच्या आसपास धरा. दिवाणखान्यात हा वेग पुरेसा असतो. तुमची मोटर वेगळी असेल तर तिच्या दांडीला एक लांब बीम लावा, फोनवर मंदगती व्हिडिओ घ्या आणि फेरे मोजा. वेष्टनावरच्या दाव्यापेक्षा हा आकडा उपयोगाचा.

५. गिअर: दातांची बेरीज आणि अंतर

इथे वेळ घालवा. चालता न येणाऱ्या मॉडेलांमध्ये दोष जास्त करून इथेच निघतो.

लेगोच्या गिअरचा एक सुंदर गुण आहे: जितके दात, तितके मिलिमीटर त्याचा कार्यकारी व्यास. म्हणून दोन गिअरच्या मध्यांतलं अंतर म्हणजे दातांच्या बेरजेचा निम्मा. ८ आणि २४ दातांची बेरीज ३२, निम्मे १६ मिमी, बरोबर दोन स्टड. १६ आणि १६, १२ आणि २० यांचंही तेच. २४ आणि २४ किंवा ८ आणि ४० यांना तीन स्टड लागतात. १६ आणि २४ मात्र २० मिमी मागतात, म्हणजे अडीच स्टड. सरळ बीममध्ये हे अंतर मिळत नाही. ‘जवळजवळ बसतंय’ म्हणून दोन किंवा तीन स्टडवर ते दाबून बसवू नका. एकतर घर्षणात मोटर दमते, नाहीतर ओझं आल्यावर दात निसटतात.

काही गोष्टी पाठच करून टाका:

- दांडीला गिअरच्या दोन्ही बाजूंनी आधार हवा. एकाच बाजूने धरलेली दांडी ओझ्याखाली वाकते आणि दात सुटून कटकट आवाज येतो.
- काटकोनात चालणारे बेव्हल गिअर एकमेकांना दूर ढकलतात. त्यांच्यामागे बुश आणि बुशमागे बीम असा पक्का अडसर ठेवा.
- ८ दातांचा गिअर मुख्य ताकदीच्या वाटेवर शक्यतो नको. त्याचे दात कमी असल्यामुळे सगळा भार एका-दोन दातांवर येतो.
- बुश बीमला घट्ट चिकटवू नका. कागदाची जाडी मावेल इतकी फट ठेवा. प्रत्येक दांडी बोटाने फिरवली की सैल फिरली पाहिजे.
- वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा) ताकद खूप वाढवतो, पण उलट बाजूने फिरत नाही. विंचला उत्तम, चाकांना वाईट: मोटर थांबली की गाडी जागेवर खिळते आणि हाताने ढकलली तर गिअर तुटतो.

आणखी एक, जी बरेच अनुभवी लोकही उशिरा शिकतात. वेग कमी करणारा शेवटचा गिअर चाकाच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा. मोटरजवळच ताकद तिप्पट केली तर ती तिप्पट ताकद लांब दांडी आणि युनिव्हर्सल जॉइंटमधून जाते. प्लॅस्टिकची दांडी जिलबीसारखी पिळली जाते आणि जॉइंटचे कान फाटतात. डिफरन्शियलपाशी ताकद वाढवली तर मधली दांडी जोरात पण हलक्या भाराने फिरते.

६. मागचा आणि पुढचा ॲक्सल

मागचा ॲक्सल म्हणजे एक अखंड तुकडा: मध्ये चौकटीत डिफरन्शियल, दोन्ही टोकांना चाकं. तो वरखाली आणि तिरका झाला पाहिजे, पण पुढेमागे सरकता कामा नये. त्यासाठी चार दुवे लावा, दोन खाली लांबट आणि दोन वर मध्याकडे झुकलेले, आणि दोन शॉक. मोटरकडून येणारी दांडी युनिव्हर्सल जॉइंटमधून ॲक्सलमध्ये शिरते. खालच्या दुव्यांची बिजागरी आणि युनिव्हर्सल जॉइंटचा मध्य आडव्या एका रेषेत ठेवा. तसं नसेल तर ॲक्सल वर गेल्यावर दांडीची लागणारी लांबी बदलते, ती गिअरमधून बाहेर ओढली जाते आणि गाडी खड्ड्यात गेली की ताकद तुटते. टेबलावर हा दोष दिसत नाही, म्हणून ॲक्सल हाताने शेवटपर्यंत दाबून मोटर चालवून बघा.

पुढे दोन्ही चाकांना वर एक आणि खाली एक असे समांतर हात. दोन्ही हात सारख्या लांबीचे ठेवले तर चाक वरखाली होताना उभंच राहतं, पहिल्या मॉडेलला तेच सोयीचं. स्टिअरिंगच्या रॅकपासून (आडव्या सरकणाऱ्या दातेरी पट्टीपासून) चाकापर्यंत जाणारा दुवाही त्याच लांबीचा हवा आणि त्याची आतली बिजागरी हातांच्या बिजागऱ्यांच्या रेषेत हवी. नाहीतर गाडी उंचवट्यावरून गेली की चाक आपोआप वळतं, आणि सरळ जाणारी गाडी भिंतीकडे निघते.

वळवणाऱ्या मोटरबद्दल: पॉवर फंक्शन्सची सर्व्हो मोटर मध्यावरून दोन्हीकडे ९० अंश फिरते आणि सोडली की मध्यावर येते. पॉवर्ड अपच्या एल मोटरमध्ये फेरे मोजणारा सेन्सर असतो. सुरुवातीला ती दोन्ही टोकांना जाऊन अडते आणि त्यावरून मध्य काढते. म्हणून स्टिअरिंगला दोन्ही बाजूंना ठाम, न वाकणारा अडसर बांधा. अडसर लवचीक असेल तर मध्य प्रत्येक वेळी वेगळा निघतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

शॉकची निवड वजनावर. साडेसहा स्टडच्या शॉकमध्ये पिवळ्या स्प्रिंगचा प्रकार कडक असतो. गाडी तिच्या पूर्ण वजनाने उभी असताना शॉक साधारण एक तृतीयांश दबलेला असावा. अजिबात दबला नाही तर सस्पेन्शन शोभेचं, पूर्ण दबला तर गाडी पोटावर चालेल.

७. चॅसिस

चॅसिसचं काम एकच, पिळ न पडू देणं. ५×७ आणि ५×११ च्या चौकटी एकमेकींना काटकोनात पिनांनी जोडल्या की पक्का गाभा तयार होतो. लांब बीम नुसते समांतर ठेवले तर ते पिळतात. त्यांना तिरका बीम द्या. तीन-चार-पाचचा काटकोन त्रिकोण इथे कामी येतो, पण सापळा असा की ही मापं भोकांमधल्या अंतरांची आहेत. भोकं मोजायची तर बीम चार, पाच आणि सहा भोकांचे लागतात. तीन, चार, पाच भोकांचे घेतले तर त्रिकोण जुळत नाही, आणि ताणून जुळवला तर पिना वाकतात.

उभ्या दिशेला स्टडवाले ठोकळे वापरणार असाल तर आणखी एक हिशेब. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, पातळ प्लेटची ३.२ मिमी. भोकं असलेल्या दोन ठोकळ्यांमध्ये दोन प्लेटा घातल्या की भोकांतलं अंतर १६ मिमी होतं, बरोबर दोन स्टड, आणि बाहेरून उभा बीम लावून सगळं बांधता येतं.

हब किंवा बॅटरी दोन ॲक्सलांच्या मध्ये, जितकी खाली जाईल तितकी खाली. आणि बटण व सेलचं झाकण बॉडी न उसकटता हाती आलं पाहिजे. हे आत्ताच ठरवा. दर वेळी सेल बदलायला अर्धी गाडी उघडावी लागली तर ती कपाटातच राहते.

८. उघडी चॅसिस चालवा

बॉडीचा एकही ठोकळा लावण्याआधी चॅसिसवर बॉडीच्या वजनाइतकं ओझं बांधा. पाण्याची बाटली किंवा तांदळाची पुरचुंडी चालेल, काट्यावर मोजून. मग फळी पुस्तकांवर टेकवून चढ करा, पायपुसणं, उंबरठा, फरशीची कड, सगळ्यावरून न्या.

आवाजावरून दोष कळतो. ठरावीक अंतराने कट-कट म्हणजे दात निसटताहेत, त्या गिअरचा आधार वाढवा. मोटर गुणगुणते पण चाक फिरत नाही, म्हणजे कुठेतरी बुश सरकून गिअर सुटला. गाडी चालता चालता थांबते आणि जरा वेळाने पुन्हा चालते, तर मोटरमधल्या तापमान-संरक्षणाने वीज तोडली आहे. तेव्हा पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, चौथ्या पायरीचा हिशेब परत करा. उचलून धरली की चाकं छान फिरतात आणि खाली ठेवली की अडखळतात, तर चॅसिस वाकते आहे.

घर्षण शोधण्याची सोपी रीत: मोटर काढून टाका आणि मागची चाकं हाताने फिरवा. मग चाकाकडून मोटरकडे एकेक दांडी मोकळी करत जा. जिथे अचानक हलकं वाटतं तिथे दोष.

वाळूत मात्र नेऊ नका. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचा फोटो झकास येतो, पण बारीक वाळू डिफरन्शियलमध्ये आणि मोटरच्या तोंडात शिरली की ती पुरती निघत नाही आणि दात झिजवते.

९. बॉडी

आता जाळी, गोल दिवे, फुगीर मडगार्ड. थारची ओळख उभ्या फटींची जाळी, गोल हेडलॅम्प आणि मागच्या दारावरचं जादा चाक यांत आहे. हे तीन जमले की बाकी रेषा जवळपासच्या असल्या तरी चालतात. रंग लाल किंवा काळा घ्या: थारवर दोन्ही शोभतात, आणि या दोन रंगांत टेक्निकचे बीम व पॅनेल सर्वाधिक मिळतात. गाडीवर सुंदर दिसणारा एखादा दुर्मीळ हिरवा ठरवलात आणि मडगार्डचा तुकडा त्या रंगात कधी बनलाच नसेल तर काम थांबतं.

चाकाच्या कमानीची जागा बसवताना चाक पूर्ण वळवा आणि त्याच वेळी शॉक पूर्ण दाबा. दोन्ही एकदम तपासायचे, वेगवेगळे नाही. बॉडी चार-सहा पिनांवर उचलून निघेल अशी ठेवा आणि काट्यावर तिचं वजन बघत जा. पॅनेल आणि पातळ बीम पोकळ रचनेत वापरले की वजन फार वाढत नाही.

१०. संगणकावर रेखाटन आणि सुटे भाग

ब्रिकलिंक हा लेगोच्या सुट्या भागांचा ऑनलाइन बाजार. त्याचं स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ते भाग एकमेकांत घुसत असतील तर दाखवतं, भागांची यादी काढतं आणि ती थेट ब्रिकलिंकच्या खरेदीच्या यादीत घालतं. पण त्यात घर्षण नाही, वजन नाही, वाकणारी दांडी नाही. म्हणून ॲक्सल आणि स्टिअरिंग आधी हाताने करा आणि जमलेली रचना संगणकावर उतरवा. बॉडी उलट, आधी संगणकावर केली तरी चालते.

रंगांच्या नावात गोंधळ होतो. ब्रिकलिंकवर ज्याला डार्क ब्लूइश ग्रे म्हणतात त्यालाच लेगो कंपनी डार्क स्टोन ग्रे म्हणते. आणि नुसता डार्क ग्रे हा जुना, वेगळा रंग आहे. शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो.

परदेशी विक्रेत्याकडून मागवणार असाल तर खर्चाचा हिशेब नीट मांडा. भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. त्यावर जीएसटी आणि कुरिअरचं शुल्क वेगळं. मागवायच्या दिवशी चालू दर बघा. हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- आधार किंवा पॅन, कुरिअरच्या केवायसीसाठी, आणि पत्ता त्यावरच्याशी जुळणारा.
- विक्रेत्याचं बिल, भागांची यादी आणि किंमत स्पष्ट लिहिलेली.
- पैसे भरल्याची पावती.

पार्सलवर ‘भेट’ लिहून शुल्क वाचत नाही, आणि कमी किंमत लिहायला विक्रेत्याला सांगू नका. माल अडकला की दंडाची रक्कम भागांपेक्षा जास्त होते. आधी देशातले विक्रेते बघा, इथल्या छंदी लोकांशी अदलाबदल करा. परदेशातले नातेवाईक येणार असतील तर वजनाला हलके गिअर, पिना, जॉइंट त्यांच्याकडे सांगता येतात, सामानावरच्या शुल्काचा नियम त्यांना आधी कळवून. आणि कमी लागणारे भाग एकेक न मागवता एकदाच, पंधरा-वीस टक्के जास्त घ्या. दोन पिना कमी पडल्या म्हणून दुसरं पार्सल मागवणं सगळ्यात महाग पडतं.

११. फोन न वापरता चालवायचं असेल तर

पॉवर्ड अपच्या टेक्निक हबसाठी पायब्रिक्स नावाची मोफत प्रणाली आहे. ती हबमध्ये भरली की साध्या पायथॉन कोडने लेगोचा हातातला रिमोट थेट जोडता येतो, स्टिअरिंगचा मध्य स्वतः ठरवता येतो आणि वेग हळूहळू वाढवता येतो. लहान मुलं गाडी चालवणार असतील तर वेगाची चढण हळू ठेवा, गिअर कितीतरी जास्त टिकतात.

एवढं चालू झालं की वहीचं ते वेगळं पान उघडा. पहिला क्रमांक फोर-व्हील ड्राइव्हचा. मागचा ॲक्सल आहे तसाच ठेवा, मोटरपासून पुढे जाणारी दुसरी दांडी काढा आणि तिच्यावर मागच्याइतकाच, २८ ला १२ हाच गिअर घ्या. दोन्हीकडे प्रमाण सारखं नसेल तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. मध्ये डिफरन्शियल न घालता दोन्ही ॲक्सल थेट जोडलेले चालतील, कारण आपला वेग कमी आहे आणि टायर फरशीवर थोडा घसरू शकतो.